जमैकाची ती गाडी कुणीही खांद्यावर घेतली नव्हती

घरच्या ग्रुपवर अधूनमधून उगवणारा जमैकाचा फॉरवर्ड यंदा दाजींनी टाकला, तोही भाच्याला उत्तर म्हणून. पोरगा चारशे मीटर धावतो. त्याने स्पाइक्स आणि उन्हाळी शिबिराची फी मागितली होती. दाजी म्हणाले, ‘जमैकावाल्यांकडे काय होतं? आधी हे वाच.’

फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा. बर्फ न पाहिलेले जमैकाचे चार गरीब धावपटू १९८८च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेला (बर्फाच्या वळणदार ट्रॅकवरून घसरगाडी सोडायची शर्यत) उतरले. ना कोच, ना पैसा, फक्त जिद्द. उष्ण प्रदेशातून तिथे पोचलेला हा पहिलाच देश. बाकीचे संघ त्यांना हसले. शेवटच्या फेरीत गाडी मोडली, तेव्हा चौघांनी ती खांद्यावर उचलून रेषा पार केली. आणि १४० कोटींच्या भारताला एक खेळाडू पाठवता येत नाही!

आधी तो खांदा. हे दृश्य १९९३च्या डिस्नेच्या ‘कूल रनिंग्ज’ सिनेमातलं आहे. त्या सिनेमात खऱ्या अपघाताचं चित्रणही वापरलंय, त्यामुळे पुढचंही खरंच असणार असं लोकांना वाटतं. खऱ्या शर्यतीचं चित्रण ऑलिंपिकच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर आहे. दाजींनी दोन मिनिटं काढून ते पाहावं. चारांपैकी तिसरी फेरी चालू आहे. गाडी वळणावर उलटते आणि चौघांची हेल्मेटं बर्फाच्या भिंतीला घासत जातात. बघवत नाही. मग गाडी थांबते, चौघं एकेक करून बाहेर येतात आणि ट्रॅकवरून तिच्या सोबतीने चालत जातात. गाडी बर्फावरच असते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, तेवढं खरं. चौथी फेरी ते खेळलेच नाहीत आणि निकालात शर्यत अपूर्ण अशीच नोंद आहे. चार जणांची रिकामी गाडीच दोनशे किलोच्या वर असते. आताच ताशी शंभरहून जास्त वेगाने डोक्यावर आपटलेल्या माणसांनी ती का उचलावी, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

यापेक्षा मला राग आहे तो ‘ना कोच, ना पैसा’चा, कारण पोराच्या तोंडावर फेकलंय ते हेच. हा संघ उभा करण्याची कल्पना जॉर्ज फिच आणि विल्यम मॅलोनी या दोन अमेरिकनांची. जमैकातली ढकलगाड्यांची शर्यत बघून त्यांना ती सुचली. धावपटूंनी फारसा रस दाखवला नाही, म्हणून ते सैन्याकडे गेले. डडली स्टोक्स हा सैन्यातला हेलिकॉप्टर वैमानिक, डेव्हन हॅरिस ब्रिटनच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकून आलेला अधिकारी. यांना ‘चार गरीब धावपटू’ म्हणायचं? कोच हॉवर्ड सायलर स्वतः अमेरिकेकडून ऑलिंपिकमध्ये बॉबस्ले खेळलेला. सराव अमेरिकेत लेक प्लॅसिडला झाला, ऑस्ट्रियात झाला. पैसा कमी होता हे मान्य, कॅलगरीत टी-शर्ट विकून त्यांनी भर घातली. पण कमी आणि शून्य यांत फरक आहे.

आणि जे कमी होतं त्याची किंमत त्या वळणावर दिसली. संघ निवडल्यापासून स्पर्धेपर्यंत जेमतेम पाच महिने. चौघांतला ख्रिस स्टोक्स तर भावाची शर्यत बघायला आला होता. एकजण जखमी झाला म्हणून ऐनवेळी त्याला बसवला. फॉरवर्डला ही जिद्द वाटते, मला ते चौघं जिवंत राहिले याचं नवल वाटतं. २०१०ला व्हँकुव्हरमध्ये जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली ल्यूजच्या (छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून बर्फावरून घसरायचा खेळ) सरावात ट्रॅकबाहेर फेकला जाऊन लोखंडी खांबावर आदळला आणि गेला. वय २१. तो तर नवखाही नव्हता. अशा खेळात ‘तयारी लागत नाही’ हे पोरांना कोण शिकवतं?

‘पहिला उष्ण देश’ हेही चूक. फिलिपिन्सचे दोन स्कीइंगपटू १९७२लाच साप्पोरोच्या हिवाळी ऑलिंपिकला जाऊन आले होते. कॅलगरीत बॉबस्लेलाच कॅरिबियनमधले नेदरलँड्स अँटिलिस आणि अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सही होते. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही, एवढंच. बाकीचे संघ हसले, हाही मुख्यतः सिनेमाचाच मसाला.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये नाही आणि ती असायला हवी होती. १९९४ला लिलेहॅमरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जमैकाची चार जणांची गाडी चौदावी आली, अमेरिका आणि रशियाच्या पुढे. (अमेरिकेची एक गाडी तिच्या खालच्या, बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या जास्त गरम म्हणून बाद झाली होती, पण दुसरी सरळ मागे पडली.) चालक तोच डडली स्टोक्स. मधल्या सहा वर्षांत तो एवढंच करत होता: सराव. त्याला शिबिराची फी म्हणतात, दाजी.

राहिला भारत. आपला पहिला हिवाळी ऑलिंपिकपटू जेरेमी बुजाकोव्स्की, १९६४, इन्सब्रुक. मनालीजवळचा शिवा केशवन सोळाव्या वर्षी नागानो ऑलिंपिकला ल्यूज खेळला आणि १९९८ ते २०१८ सलग सहा ऑलिंपिक खेळला. सरावासाठी तो चाकं लावलेली ल्यूज हिमालयातल्या घाटरस्त्यांवर ट्रक-गाड्यांच्या मधून सोडायचा, कारण ऑलिंपिक दर्जाचा ल्यूज ट्रॅक भारतात नव्हता.