मागच्या रांगेतल्या बाहुल्या ‘भरणा’ नव्हत्या

‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांसाठीच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. एर्नी, बर्ट, ग्रोव्हर या त्यातल्या मुख्य बाहुल्यांमागे जी बाहुल्यांची गर्दी दिसते तो म्हणे पैसे वाचवायला केलेला भरणा. तेच ते चेहरे, ना नाव ना गाव, नवशिक्यांच्या हाती दिलेल्या, आणि त्यांच्यातून पुढे काही निघालं नाही. या कार्यक्रमावर माझा जीव आहे. हे वाचून गप्प बसवेना.

चेहरे तेच ते नव्हते. अंग तेच होतं, चेहरा दर वेळी नवा. या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेत डोळे, नाक, केस काहीच नसलेल्या कोऱ्या बाहुल्या तयार असत: निळ्या, हिरव्या, जांभळ्या, नारिंगी, गुलाबी. त्यांना ‘एनिथिंग मपेट’, म्हणजे काहीही होऊ शकणारी बाहुली, म्हणत. प्रसंगाला लागतील तसे डोळे, मिशा, केस, कपडे चढवायचे, काम झालं की उतरवायचे. आज शेतकरी झालेली बाहुली उद्या कुणाची आजी. यात पैसा वाचत असेलच, पण म्हणून तो भरणा कसा? आपला बहुरूपी एकाच अंगावर दहा सोंगं आणतो, ती कलाच मानतो ना आपण?

नाव-गाव नाही, हेही अर्धवट. हॉटेलात ग्रोव्हर वेटर असतो आणि सुपात माशी निघाली म्हणून वैतागणारा निळा, मिशीवाला गिऱ्हाईक असतो, आठवतो? तो अशीच एक कोरी निळी बाहुली. बाहुली चालवणाऱ्या जेरी नेल्सन यांनी त्याला असा काही जिवंत केला की पुढे त्याला मिस्टर जॉन्सन हे नावही मिळालं.

नवशिक्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. नवा कलाकार सुरुवातीला गर्दीतल्या बाहुल्या चालवी, किंवा एर्नीसारख्या बाहुलीचा उजवा हात हलवी, कारण तिला दोन माणसं लागतात. पण म्हणून ते काम हलकं ठरत नाही. हात डोक्याच्या वर ताठ धरून पाच मिनिटं उभं राहून बघा. त्यात बाहुली कुठे बघतेय हे समोरच्या मॉनिटरवर पाहून सांभाळायचं, आणि तिथलं चित्र आरशासारखं नसतं. तुमचा हात उजवीकडे गेला की पडद्यावरची बाहुली डावीकडे जाते. शिवाय मागच्या बाहुलीला संवाद नसतात. तिने फक्त ऐकायचं असतं, आणि ती मनापासून ऐकतेय असं दिसलं नाही तर पुढच्या बोलणाऱ्यावर मूल विश्वास ठेवत नाही. माझ्या मते हेच सगळ्यात अवघड काम.

आणि पुढे काही निघालं नाही? प्रेअरी डॉन आणि गाय स्मायली ही पात्रं त्या कोऱ्या बाहुल्यांमधूनच आली. १९७२ मध्ये आलेला, आकडे मोजल्याशिवाय चैन न पडणारा काउंटसुद्धा त्यांच्याच साच्यावर बेतलेला.

एल्मोची गोष्ट थोडी वेगळी. तो कोऱ्या बाहुल्यांपैकी नव्हे, केसाळ राक्षसांच्या घोळक्यातला एक लाल राक्षस. वेगवेगळ्या कलाकारांनी तो चालवून पाहिला. रिचर्ड हंट यांना तो मुळीच आवडत नव्हता; १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तो केव्हिन क्लॅश यांच्या हवाली केला. क्लॅश यांनी त्याला लहान मुलाचा किनरा आवाज दिला आणि घरोघरची मुलं एल्मोला ओळखू लागली. तोवर काही वर्षं तो मागच्या रांगेतच उभा होता.