एका प्रश्नाला छत्तीस सेकंद

आमच्या सांगोल्याकडं एके काळी डी.एड. झालेल्या मुलीचं लग्न एका बैठकीत जमायचं. उंची, रंग, पत्रिका यांत थोडं इकडं-तिकडं असलं तरी पाहुणे म्हणायचे, "असू द्या, मास्तरीण होणार आहे." माझंही तसंच जमलं. पाहुण्यांचा हिशेब बरोबर होता, फक्त जुना होता. २०१० ची शिक्षकभरतीची सीईटी झाली आणि त्यानंतर भरती जवळजवळ थांबलीच. मी डी.एड. झाले २०११ मध्ये. तोवर गावोगावी अध्यापक विद्यालयं निघाली होती. आमचं तर खाली खत-बियाणांचं दुकान आणि वर कॉलेज असं होतं. पुढं मुलं मिळेनात म्हणून वरचं बंद पडलं. खालचं अजून जोरात चालू आहे.

भरती नव्हती म्हणून परीक्षा नव्हत्या, असं मात्र नाही. १५ डिसेंबर २०१३ ला राज्यातली पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली. दीडशे गुणांचा पेपर, पास व्हायला नव्वद. मी पास झाले, पेढे वाटले, आणि मग कळलं की या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं आहे. औषधाच्या बाटलीवर तारीख असते तेव्हा माणूस तारखेच्या आत औषध तरी घेऊ शकतो. इथं नोकरीच निघत नव्हती. २०२० उलटलं तशी मी ते प्रमाणपत्र कपाटातल्या जुन्या साड्यांच्या घडीत सरकवलं. २०२१ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की टीईटी आता आजन्म चालेल, जुन्यांचीसुद्धा. साड्या बाहेर काढाव्या लागल्या.

मधल्या काळात दुसरी परीक्षा आली होती. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. पहिली २०१७ च्या डिसेंबरात झाली, तिच्यावरची पवित्र पोर्टलची, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळाची, यादी २०१९ मध्ये लागली, आणि त्या यादीत माझं नाव नव्हतं. हे एका वाक्यात सांगते, कारण घरात ते वाक्य पुरेसे दिवस पुरलं. शेजारणींना एवढंच कळलं की ही पास झालेली परीक्षा पुन्हा देते आहे. "अजून सुटली नाही का गं?" असं त्या विचारायच्या, मुतखड्याची चौकशी करावी तसं.

दुसरी चाचणी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं, सगळं संगणकावर. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांत आमच्या घरचा गॅससुद्धा पहिल्या काडीला पेटत नाही. त्यात प्रश्न कसे, तर आठ माणसं गोल टेबलाभोवती बसलीत, त्यातली चार बाहेर तोंड करून. जेवायला बसलेली माणसं बाहेर तोंड करून का बसतील, हे प्रश्नात दिलेलं नसतं. भाऊबंदकीतलं जेवण असावं अशी समजूत करून मी पुढं जायची.

रक्तसंबंधांचे प्रश्न मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायची. "एका फोटोकडे बोट दाखवून रमेश म्हणाला, हिच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे वडील. तर फोटोतली स्त्री रमेशची कोण?" मी वहीवर चौकोन-गोल काढेपर्यंत सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आत्या."

मी उत्तर पाहिलं. बरोबर होतं.

"आणि भांडण झालेलं असणार," त्या म्हणाल्या. "नाहीतर फोटो कशाला दाखवतोय? लग्नकार्यात आली असती की समोर."

पुढचे दोन महिने सासूबाईंनी माझा बुद्धिमत्तेचा वर्ग घेतला. सातवी शिकलेल्या बाईनं नणंदेच्या दिराच्या साडूपर्यंतची नाती कागद न घेता सोडवली. दिशांच्या प्रश्नांत मात्र त्या अडल्या. "राम उत्तरेला पाच किलोमीटर चालला, मग उजवीकडे वळून तीन किलोमीटर चालला" हे ऐकलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "उन्हाचा?" तेवढ्यात सेकंद संपायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी मला सांगून ठेवलं, की शेवटच्या मिनिटाला उरलेलं सगळं ठोकून दे, देव बघतो. मी ठोकलं. देवानं बघितलं असावं, गुण बरे पडले.

आता खरी परीक्षा सुरू झाली. दहावीच्या सनदेवर मी सुनंदा. डी.एड. आणि टीईटीवरही सुनंदाच, पुढं वडिलांचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं जे नाव लिहिलं गेलं ते संजीवनी, कारण नवऱ्याचं नाव संजय आणि सासरच्यांना यमक आवडतं. आधारकार्डावर संजीवनी. रेशनकार्डावर संजीवणी, कारण ते लिहिणाऱ्याला 'ण' जास्त आवडत असावा. बँकेच्या पासबुकात नाव माहेरचं, वडील माहेरचे आणि आडनाव सासरचं. एवढ्या बायका एका अर्जात बसवायच्या म्हणजे राजपत्र काढणं आलं.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची नोंद छापून येते. ती आली त्या दिवशी सासरे इतके खूश झाले की त्यांनी तालुक्याला जाऊन प्रिंट काढली, तिला लॅमिनेशन केलं आणि पारावर नेऊन दाखवली. सुनेचं नाव सरकारनं छापलं, एवढंच त्यांनी सांगितलं. काय म्हणून छापलं ते कुणी विचारलं नाही. नंतर एका कार्यालयातल्या साहेबांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "याच्यावर शिक्का उमटत नाही हो." शिक्का मारून दाखवलासुद्धा. बोटानं पुसला, गेला. पुन्हा प्रिंट.

मग अधिवास, एमएस-सीआयटी, फोटो सहीसकट, फोटो सहीशिवाय. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, की मला दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं नाहीत. ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं आणि घरात तासभर शांतता पसरली. शेवटी त्या म्हणाल्या, "सरकारला कळवायच्या आधी मला तरी कळवायचं. मी तिसऱ्यासाठी सिद्धनाथाला नवस बोलून बसलेय." माझी मैत्रीण मात्र माझ्यापुढं चार पायऱ्या होती. तिला जातीचा दाखला, त्याची वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर असं सगळं लागत होतं. तिच्या फाइलला दप्तराचे पट्टे लावलेले मी पाहिलेत.

पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरलं की पसंतीक्रम द्यायचा असतो. राज्यात जिल्हा परिषदा चौतीस, शिवाय महापालिका, नगरपालिका, खासगी संस्था. कोणती आधी, कोणती नंतर, हे उमेदवारानं ठरवायचं असं नियम म्हणतो. नियमाला आमचं घर माहीत नाही. नवऱ्यानं एसटीच्या वेळा बघून क्रम लावला. सासऱ्यांनी पाहुण्यांचे पत्ते बघून लावला, आणि एक जिल्हा तर त्यांनी साफ खाली ढकलला, कारण तिथं चुलतभावाच्या व्याह्यांनी १९९८ च्या लग्नात मानपान केला नव्हता. शेवटी लॉक करायची वेळ आली. ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा उसाच्या ट्रॉलीमागं. "सांगतो, थांब. चार... ए, मागं घे, मागं घे! ... चार, सात..." त्यातला 'मागं घे' मला होता की ट्रॅक्टरवाल्याला, हे ठरवण्यात ओटीपीची मुदत गेली. दुसरा मागवला. एकदाचं लॉक झालं. लॉक झाल्यावर बदलता येत नाही. सासरे रात्री उठून बसले, "पुणे जरा वर घेतलं असतं तर?"

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. टीईटीनं विचारलं, मूल कसं विचार करतं. चाचणीनं विचारलं, रमेशची आत्या कोण. अर्जानं विचारलं, मी सुनंदा की संजीवनी. "बाई, हा खडू घ्या आणि दुसरीच्या वर्गाला हातच्याची बेरीज शिकवून दाखवा," असं कुणीच म्हणालं नाही. मी मनात तयारीसुद्धा केली होती, चिंचोके घेऊन. खासगी संस्थांसाठी मुलाखतीचा पर्याय असतो आणि तिथं पाठ घ्यायला लावतात, हे खरं. पण 'मुलाखत' म्हटलं की आमच्याकडची जाणती माणसं खडूचं नाव काढत नाहीत, पाकिटाचं काढतात. त्यापेक्षा रमेशची आत्या बरी. ती पैसे मागत नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी यादी लागली. अकरा हजारांवर नावं, आणि त्यात मी, राजपत्रातल्या नावासकट. जिल्हा रत्नागिरी. घरात आधी आनंद झाला आणि मग नकाशा उघडला. नवऱ्यानं धीर दिला, "अगं, रत्नागिरी-नागपूर हायवे आपल्या सांगोल्यावरूनच जातो. एकच रस्ता, वळायचंसुद्धा नाही." वळायचं नाही हे तो ज्या रस्त्याबद्दल म्हणत होता, त्यात आंबा घाट आहे. मानधन सोळा हजार, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून. २०२३ पूर्वी सहा होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तरी नवऱ्याच्या तोंडून निघून गेलंच, "ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला मी अठरा देतो." तो ड्रायव्हर बारावी नापास आहे. त्याला एका प्रश्नाला छत्तीस सेकंद कुणी दिले नाहीत.

चारित्र्य पडताळणीला पोलीस आले ते नेमके बांधाचा वाद असलेल्या शेजाऱ्याकडं गेले. तो म्हणाला, "बाई लाख आहे साहेब. चौकशी तिच्या सासऱ्याची करा."

समुपदेशनाच्या, म्हणजे शाळा निवडायच्या दिवशी रत्नागिरीत भल्यामोठ्या सभागृहात आम्ही घाटावरचे बसलो होतो. सोलापूर, बीड, लातूर, नांदेड. पडद्यावर रिकाम्या शाळांची यादी. मंडणगड, दापोली, संगमेश्वर, राजापूर. गावाच्या नावापुढं क्रमांक एक, क्रमांक दोन, आणि मग वाड्या. आमच्याकडं एका शाळेत जेवढी पोरं एका बाकाच्या रांगेत बसतात, तेवढा तिथं अख्ख्या शाळेचा पट. मी एका गावावर बोट ठेवलं, कारण नाव गोड होतं. टेबलापलीकडच्या विस्तार अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"टू-व्हीलर येते?"

"नाही."

"मग ही नको घेऊ. एसटी पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडेच थांबते, पुढं तीन किलोमीटर चढ आहे. पावसात पऱ्ह्या भरला की अलीकडची पोरं अलीकडे आणि बाई पलीकडे." त्यांनी यादीतली दुसरी ओळ दाखवली. "ही घे. शाळेशेजारी घर मिळेल. आणि सापाला घाबरतेस?"

इतक्या वर्षांत शाळेबद्दल मला विचारलेले हे पहिले दोन प्रश्न. दोन्हींना पर्याय नव्हते. मी दुसरी शाळा घेतली आणि सापाबद्दल काही बोलले नाही.

शाळेत मी आणि मुख्याध्यापक सर, असे दोघंच. सर चांगले, पंचवीस वर्षांवर नोकरी झालेली, पोरांच्या आजोबांना नावानं हाक मारणारे. माझ्या परीक्षांच्या गोष्टी त्यांनी पहिलं वर्षभर चहाबरोबर ऐकल्या आणि खूप हसले. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की नोकरीत असलेल्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी उरलेले तेवढे सुटले. सरांना सहा उरलीत. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचं ते जुनं गाईड आहे का हो?"

गाईड साड्यांबरोबर सांगोल्याला होतं. नवऱ्यानं एसटीच्या ड्रायव्हरकडं देऊन पाठवलं. २३ नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी मधल्या सुट्टीत आमचा वर्ग भरायला लागला. मी शिकवते, सर शिकतात. कुणीतरी मला खडू दिला तो असा.

सर पियाजेवर अडले. मुलं कसा विचार करतात ते सांगणारा हा मानसशास्त्रज्ञ. "बसक्या भांड्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं, तर लहान मुलाला ते जास्त वाटतं. असं कसं वाटेल? आमची पोरं काय खुळी आहेत?" मी म्हटलं, सर, करूनच बघू. सरांनी स्वयंपाकाच्या खोलीतून दोन सारखी पातेली आणि एक उंच ग्लास आणला, पाणी सारखं भरलं आणि दुसरीतल्या एका पोराला हाक मारली. त्याच्या डोळ्यांदेखत एका पातेल्यातलं पाणी ग्लासात ओतलं.

"बोल, आता कशात जास्त?"

पोरानं पातेल्याकडं बघितलं, ग्लासाकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. छत्तीस सेकंद सहज गेले असतील.

"दोनीत सारकाच हाय," तो म्हणाला. "पन सर, ता खिचडीचा पानी हाय. मावशी वरडतील."

सरांनी गाईड जवळ ओढलं, चारही पर्याय बोट लावून वाचले आणि माझ्याकडं पाहिलं.

"बाई, यात मावशी नाही."