गोळी बंद करून पुडी? कृपा करून नको!

मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, गुडमार. घरात कुणाला डायबेटिस निघाला की आठवडाभरात यातलं काहीतरी स्वयंपाकघरात येतंच. त्यावर माझा अजिबात राग नाही. मेथीदाण्यात विरघळणारे तंतू भरपूर असतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते. गुडमारचं पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते. पण थोड्या वेळापुरती जिभेला गोडी कळली नाही, म्हणून रक्तातली साखर उतरली असं होत नाही ना!

माझं भांडण आहे ते "इंग्रजी गोळ्या सोडा, ही पुडी घ्या" म्हणणाऱ्यांशी.

माझ्या काकूने अशी पुडी आणली होती. साधी प्लास्टिकची पिशवी, त्यावर ना घटक, ना लायसन्स नंबर. गोळ्या बंद केल्या तरी साखर झपाट्याने उतरली, म्हणून घरात सगळे खूश. मग एकादशीला दुपारी ती घामाने डबडबली, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर आकडा 48! साखरपाणी पाजलं, तेव्हा कुठे ती नीट बोलायला लागली. डॉक्टरांनी पहिल्यांदा पुडीच मागितली. अशा "शुद्ध आयुर्वेदिक" पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली तपासणीत वेळोवेळी सापडली आहेत. म्हणजे ज्या गोळीला घाबरून माणूस पळतो, तीच त्याच्या पोटात जाते, आणि किती जाते ते कुणालाच ठाऊक नसतं. उपाशी पोटी हे जिवावर बेतू शकतं.

आणि वनस्पतींचं वावडं ॲलोपॅथीलाही नाही. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या नेहमीच्या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपात आहे. त्यातलं मूळ द्रव्य विषारी, म्हणून त्याच्या जवळचे रेणू प्रयोगशाळेत बनवले, तपासले, आणि 1957 मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा रुग्णांवरचा वापर प्रसिद्ध केला. 500 मिलिग्रॅम म्हणजे प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅमच. कारल्याच्या रसाच्या पेल्यात आज काय आणि उद्या काय, कोण सांगणार?

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो टाइप 1 च्या मुलांसाठी. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. काढ्याच्या भरवशावर इंजेक्शन थांबवलं तर थोड्याच दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, उलट्या, धाप, बेशुद्धी आणि थेट आयसीयू. इथे "थोडे दिवस करून बघू" याला जागाच नाही.

डायबेटिस बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या रोज आपल्या मोबाइलवर येतात, आणि आपणच त्या पुढे ढकलतो.

तुमच्या घरी कुणी काही घेत असेल तर रागावू नका. रागावलात की ते लपवून घेतात. पुढच्या तपासणीला ती पुडी, ती बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मेथी घेताय तेही सांगा, गोळ्यांचा डोस त्यावरून बघावा लागतो. दर तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करा. आणि काकांनी, आत्यांनी फॉरवर्ड केलेला तो "सात दिवसांत शुगर गायब"वाला व्हिडिओ आजच डिलीट करा.