एकाच कुंभाराची मडकी?

माझ्या दहावीच्या मुलांनी मला एक मजकूर पाठवला. सध्या तो बराच फिरतो आहे. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि व्हेलचा वल्ह्यासारखा पर यांत सारखीच हाडं आहेत, पण त्यावरून उत्क्रांती ठरत नाही, असं त्यात म्हटलंय. एकाच कुंभाराच्या मडक्यांत साम्य असणारच, तसंच एकाच निर्मात्याच्या प्राण्यांत, असा त्याचा दावा. मी जीवशास्त्र शिकवते. मुलांना हे पटू लागलंय, म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं.

“चांगला कारागीर तोच नमुना पुन्हा वापरतो.” मग एका कामाला एक नमुना दिसायला हवा होता. उडण्याचं काम एकच. पण वटवाघळाचा पंख चार लांब बोटांवर ताणलेला, टेरोसॉर या नामशेष उडत्या सरीसृपाचा एकाच बोटावर, तर पक्ष्याचा पंख म्हणजे जुळून गेलेल्या बोटांचा हात आणि त्यावर पिसं. उलट पोहणं, उडणं, लिहिणं ही कामं निराळी, तरी दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटं.

मानेचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. हंसाच्या मानेत वीसहून जास्त मणके असतात. जिराफाच्या मानेत सात, एकेक वीतभर लांब. माणसाला सात, उंदराला सात, मान दिसतही नाही त्या व्हेललाही सात. सस्तन प्राण्यांत झाडाला लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनेटी एवढेच काय ते अपवाद. लांब मानेचा नमुना हंसात तयार होता, मग जिराफाला तो का मिळाला नाही? त्याच मानेतून स्वरयंत्राचा डावा मज्जातंतू मेंदूकडून छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. चार मीटरहून जास्त फेरा! माशात हीच वाट कल्ल्यांपर्यंत सरळ आणि आखूड असते. मान लांबत गेली, हृदय खाली गेलं आणि तंतू धमनीमागे अडकलेला राहिला.

“व्हेलच्या कमरेची हाडं उपयोगी आहेत, मग ती अवशेष कशी?” उपयोगी आहेतच, जननेंद्रियाचे स्नायू त्यांना जोडलेले असतात. मूळचं काम, पाय पेलण्याचं, गेलं; म्हणून अवशेष.

“साम्यावरून नातं आणि नात्यावरून साम्य, हे गोल फिरणं आहे.” हा आक्षेप मात्र गंभीर आहे. उत्तर घोट्यात सापडतं. १९९०च्या दशकात डीएनएच्या तुलनेतून व्हेलचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा ठरला. हाडांचे कित्येक अभ्यासक तेव्हा व्हेलला एका वेगळ्याच, नामशेष गटाशी जोडत होते. बोकडाच्या घोट्यातलं हाड हातात घेऊन पाहा: दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. गाय, हरीण, पाणघोडा, सगळ्या समखुरी (पायाला सम संख्येत खूर असलेल्या) प्राण्यांची ही खूण. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या पाय असलेल्या प्राचीन व्हेलांचे घोटे प्रसिद्ध झाले. त्यांत तीच दुहेरी कप्पी होती. डीएनए आणि हाड, दोन स्वतंत्र साक्षीदारांनी एकच नातं सांगितलं.

“जमिनीवरचे प्राणी आणि व्हेल यांच्या मधले प्राणी कुठे आहेत?” आपल्याच देशात. कच्छमधल्या प्राचीन व्हेलांचं वर्णन जीवाश्मांचे अभ्यासक अशोक साहनी आणि मिश्रा यांनी १९७५ साली केलं. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटला भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांत इंडोह्यूस नावाचा प्राणी होता, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, लहानशा हरणासारखा, चार पायांचा. त्याच्या कानाच्या हाडाची आतली भिंत जाड आहे, आजच्या व्हेलच्या कानात असते तशी.