हॉलमधून कोल्हापूर

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला, साखरेचा रिपोर्ट चाळला आणि दोन्हींवर एकच औषध सांगितलं: सायकल. धावताना अंगाचा सगळा भार गुडघ्यांवर आदळतो, सायकलवर तो सीट घेते. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्याला आधार मिळतो, आणि राबणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पण पुण्याच्या रस्त्यावर सायकल काढली तर गुडघा सोडून बाकी सगळं मोडेल, तेव्हा घरात बसवायची घ्या, असंही तेच म्हणाले.

भार सीट घेते हे खरं. पण तो भार सीट कुठून घेते, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पहिला आठवडा मी ऑफिसात उभ्यानंच काम केलं. साहेबांना माझी तत्परता आवडली.

आमच्या सायकलला जड लोखंडी चाक आहे. पाय थांबवले तरी ते थांबत नाही, उलट पायांनाच फिरवत राहतं. पहिल्या दिवशी फोन वाजला म्हणून मी उतरायला गेलो, तर पायडलनं पोटरीवर असा टोला दिला की फोनवरच्या कर्जवाल्या मुलीनं ‘सर, नंतर करू का?’ असं विचारलं.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

बाबांनी चौतीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलनं नोकरी केली. तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं आणि बाबा, त्यांच्या मते, त्याचे एक मानकरी. त्यांचा पहिला प्रश्न: “ह्याच्यातून वीज होते का?”

“नाही, बाबा.”

त्यांनी तिथंच हिशेब मांडला. माझ्यासारखा माणूस दम टिकवून फार तर 100 वॉट लावणार, म्हणजे एक युनिट व्हायला दहा तास. आणि ह्या महाशयांच्या डोक्यावर 75 वॉटचा पंखा! मी म्हटलं, शरीर जेवढी शक्ती जाळतं त्यातली जेमतेम पाव चाकाला मिळते, बाकीची उष्णता होते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो. इथं सायकल पुढं जातच नाही, तर वारा कुठून येणार?

“पुढं जात नाही?” बाबा उठले, मीटरजवळ वाकले. “हे 6.2 किलोमीटर लिहिलंय ते काय मग? कात्रजच्या अलीकडे आलास की.”

त्या दिवसापासून मी कोल्हापूरला निघालो, कारण तिथं आत्या राहते. रोजचे किलोमीटर बाबा कॅलेंडरवर, दुधाच्या रतिबाशेजारी मांडू लागले. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाबांना संघटनेचं कौतुक नाही. मिनिटं मोजून कोणी गावाला पोचतं का?

मध्यम म्हणजे काय, ते मात्र त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. झालं! दर पाच मिनिटांनी ते मला बोलतं करत. मी पूर्ण वाक्य बोललो की म्हणत, “दम शिल्लक आहे.”

कात्रजला त्यांनी स्वतः उठून ताण वाढवायची खुंटी पिळली. “घाट आहे.” बोगद्यानं जाऊ, अशी मी विनवणी केली. “सायकलवाले जुन्या घाटानंच जातात,” इति बाबा. खंबाटकीला तर त्यांनी दोन दिवस मला चढवतच ठेवलं. त्या दोन दिवसांत माझं तोंड गाण्याला सोडाच, ‘पाणी’ म्हणायलाही उघडलं नाही.

मीटर अर्ध्या तासाला तीनशे कॅलरी दाखवतं. त्यानं कधी माझं वजन विचारलेलं नाही, त्यामुळे त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. तरी साताऱ्याला पोचल्याच्या आनंदात मी दोन वडापाव आणले आणि बाबांच्या नजरेत पुन्हा शिरवळपर्यंत मागं गेलो.

मग ऑफिसात मार्चअखेर आली, सहा दिवस सायकलवर बसणं झालं नाही. सातव्या दिवशी आत्याचा फोन. “अरे, दादा म्हणतोय तू कराडातच अडकलायस. बरं नाही का तुला? तिथं ओळखीचं कोण हाय का?”

आत्याला खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, निघतोच आहे.

तेविसाव्या बैठकीला एकदाचं कोल्हापूर आलं. मधल्या काळात जिने चढताना गुडघ्याचं कुरकुरणं केव्हा बंद झालं, मला कळलंही नव्हतं, बायकोनं सांगितलं. साखरही सरळ वागायला लागली होती. बाबांनी फोन लावला, “पोचला गं.” आत्यानं विचारलं, “जेवला का?” मी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी जेवलो. तांबडा रस्सा फोनवरून येत नाही.

मला वाटलं, प्रवास संपला.

“गाडी तिथंच सोडून येणार का?” बाबा म्हणाले.

परवा परतीच्या वाटेवर ऐन रंगात पायडल मारत होतो आणि हॉलमधला दिवा गेला. पंखा मात्र चालू होता. मी ओरडलो, “बाबा, दिवा का घालवलात?”

अंधारातून शेंग फोडल्याचा आवाज आला. “खंबाटकी. येताना बोगदा लागतो. गप मार पायडल, दोन मिनिटांत उजेड येईल.”