आधी आकाशपाळणा, मग पाटी

कोरोनासारख्या साथीत मनोरंजन पार्क कधी उघडायचे, हे ठरवायचं काम उद्या तुमच्या गळ्यात पडलं तर घाबरू नका. विषाणूशास्त्र लागत नाही, कालनिर्णय पुरतं. दिवाळी बघा आणि तिच्या थोडं आधीचा एक शुक्रवार धरा. २०२१ मध्ये आपल्याकडे, महाराष्ट्रात, २२ ऑक्टोबर निघाला.

कोरड्या राइड सुरू, पाण्यातल्या बंद. क्लोरीनच्या पाण्यात विषाणू पोहतो. दीड तासाच्या रांगेत बिचारा गुदमरून मरतो.

ताप मनगटावर मोजा. एकतीस अंश आला तरी आत सोडा.

परदेशातले दाखले द्या, पण वेचून. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड ११ जुलै २०२० ला उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या राज्यात १५,२९९ नवे रुग्ण नोंदले गेले. (पार्कमुळे नव्हे, लाट आधीच चढली होती. तरी दार उघडलं, ही खरी छाती!) हाँगकाँगचं डिस्नेलँड जूनमध्ये उघडलं आणि रुग्ण वाढताच महिन्याभरात पुन्हा बंद झालं. असल्या भित्र्यांचं नाव बैठकीत काढायचं नाही.

आता मुलांचं. अठराच्या आतल्यांना तेव्हा लस नव्हती, म्हणून शहरात आठवीच्या खालच्या शाळा बंद होत्या. बरोबरच होतं, जीव महत्त्वाचा. मात्र त्याच मुलांना झोपाळ्यात पट्ट्यानं बांधून उलटं टांगायला हरकत नव्हती. तेव्हाच एका रविवारी आमच्या चौथीतल्या चिरंजीवांना घेऊन गेलो. हो, मीही गेलो; दीड वर्ष घरात कोंडलेलं पोर, किती दिवस नाही म्हणणार? रांगेत त्याच्या वर्गातली तीन मुलं भेटली. "मॅम, आवाज येत नाहीये"च्या पलीकडे त्यांची दीड वर्षातली ही पहिली भेट, आणि ती रोलर कोस्टरच्या रांगेत! मागे एक गृहस्थ, मास्क हनुवटीला, पोराच्या मानेवर खोकतायत. "काका, मास्क," म्हटलं, तर म्हणे, "अहो, संपलं आता सगळं. सरकारनंच उघडलंय ना!"

अरे, सरकारच्या आदेशावर विषाणूची सही होती का? आणि आदेश काढणारे साहेब, तुम्हीसुद्धा! रांगेत चारशे माणसं चालली, मग वर्गात खिडक्या उघडून वीस मुलं का चालली नाहीत? एक दिवसाआड बोलवायचं, हवं तर अंगणात बसवायचं. पार्कवाल्यांचं पोट आहे, कबूल. मग पोरांचा पाढा बुडाला, त्याचं काय? त्यांना मत नाही म्हणून त्यांची पाळी शेवटी? शाळेत तर पाण्याची राइडसुद्धा नाही. उघडायच्या होत्या ना.

आणि काका, तो मास्क आधी नाकावर घ्या.