जाळी विरघळवणारी हळद आणि "अपाय काहीच नाही"

"हर्नियाचं ऑपरेशन आहे? दहा दिवस आधीपासून हळद-मिरीची कॅप्सूल, लसणाची कॅप्सूल आणि अश्वगंधा सुरू करा. दुखण्याच्या गोळ्या लागणार नाहीत, तीन महिन्यांत जाळीही विरघळेल. रोज इसबगोल घ्या. सगळं वनस्पतीजन्य, अपाय काहीच नाही." हा मेसेज आता माझ्या मामांकडे पोचलाय. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि लसणाच्या कॅप्सूलची बाटली घरात येऊन पडली आहे.

आधी जाळी. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये नेहमी बसवतात ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची असते. ती विरघळत नाही, विरघळायला नकोच आहे. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतली फट. जाळीच्या छिद्रांतून आपलीच ऊती वाढते आणि तिथे भिंत पक्की होते. हळदीने जाळी विरघळली असती, तर हर्निया पुन्हा बाहेर आला असता!

खरा धोका लसणाचा आहे. लसणाच्या अर्काने प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, एकमेकींना नीट चिकटत नाहीत. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 2001 साली ऑपरेशन आणि वनौषधींवर सविस्तर लेख आला होता. त्यात लसूण किमान 7 दिवस आधी बंद करा, असं स्पष्ट दिलंय. फोडणीतल्या चार पाकळ्यांबद्दल हे नाही, कॅप्सूलमधल्या एकवटलेल्या अर्काबद्दल आहे. जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर बारीक रक्तवाहिन्या झिरपत राहिल्या, तर रक्त खाली वृषणाच्या पिशवीत उतरतं. थोडं निळं-जांभळं होणं नेहमीचंच, काही दिवसांत ओसरतं. पण पिशवी तासातासाला वाढत, ताणून टणक होत असेल, तर ती रक्ताची गाठ, आणि कधीकधी जखम पुन्हा उघडून ती काढावी लागते. त्यात जाळीशेजारी साठलेलं रक्त म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. रक्त पातळ करायच्या गोळीवर ही कॅप्सूल चढवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आणि हे वाचून ती गोळीही कुणी स्वतःच्या मनाने बंद करू नये; कधी थांबवायची ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी घालतात ती हळदीतलं कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून. पण मिरीतलं पायपरीन इतर औषधांचा निचराही मंदावू शकतं. अशा कॅप्सूलनी आणि अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय अश्वगंधेने गुंगी वाढू शकते. भुलीच्या डॉक्टरांना बाटल्याच नेऊन दाखवा.

दुखण्याच्या गोळ्या सोडायच्या? पहिले दोन-तीन दिवस तर त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेलाच घ्याव्यात. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही, आणि मग छातीत कफ साठतो. खोकताना जखमेवर उशी दाबून धरावी.

इसबगोलचं तेवढं खरं, मान्य करावंच लागेल. ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण पडतो. दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं, वर आणखी एक पेला पाणी. कोरडं गिळलं तर घशात फुगून अडकतं. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. पण उलट्या होत असतील, पोट फुगलं असेल, वारा सरत नसेल, तर इसबगोलही नको. थेट सर्जनना फोन.